थकलेलं बिल: कोर्टात दावा लावायचा की लवादाकडे जायचं?

समजा, भोसरीतल्या तुमच्या वर्कशॉपचं १८ लाखांचं बिल एका कंपनीकडे वर्षभर थकलंय. दावा लावण्याआधी पर्चेस ऑर्डर उलटी करून बघा. मागच्या बारीक अक्षरांत 'वाद लवादाकडे (म्हणजे कोर्टाबाहेर वाद ऐकून बंधनकारक निवाडा देणाऱ्या पंचाकडे) सोपवला जाईल' अशा अर्थाचं कलम असेल, तर कोर्टात गेलात तरी समोरचा सुरुवातीलाच ते दाखवतो आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडेच पाठवतं. काही महिने फुकट जातात.

त्याच कलमात लवादाचं ठिकाण आणि लवाद कोण नेमणार, हेही वाचा. ठिकाण दिल्ली असेल तर निवाड्याला आव्हानही दिल्लीतच. 'आमचे संचालक एकमेव लवाद नेमतील' असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. निकालात ज्याचं हित आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. अशा वेळी उच्च न्यायालयाकडून तटस्थ लवाद मागता येतो.

वेळेत लवाद सरस. दावा-जबाब ६ महिन्यांत, पुढे १२ महिन्यांत निवाडा, दोघांची संमती असेल तर आणखी ६ महिने, अशी मुदत लवादाच्या कायद्यातच आहे. कोर्टात ३ लाखांपासून पुढच्या व्यापारी दाव्याला, तातडीचा आदेश नको असेल तर, आधी मध्यस्थी सक्तीची; नंतर तारखा.

खर्चात मात्र उलटं. न्यायाधीशाचा पगार सरकार देतं, लवादाची फी तुम्ही. त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दराने १८ लाखांवर ९०,५०० रुपये होतात, लवाद एकटाच असेल तर २५ टक्के जास्त, म्हणजे १,१३,१२५. निम्मी समोरच्याने भरायची. त्याने हात वर केले तर काम चालू ठेवायला त्याचा वाटाही तुम्हालाच भरावा लागतो. वकिलाची फी वेगळी. म्हणून दोन-तीन लाखांच्या येण्यासाठी मी कुणालाही लवाद सुचवत नाही.

सगळ्यात जपायचं ते अपिलाचं. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, तरी तेवढ्यावर कोर्ट निवाडा सहसा बदलत नाही. दुसरी संधी जवळपास नाहीच. त्यामुळे वकील निवडताना नुसतं नाव बघू नका; लवादापुढे उलटतपासणी स्वतः घेतलेला वकील बघा. डिलिव्हरी चलन, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी परवाना) आणि माल मिळाल्याची सही तारीखवार लावून मागणारा वकील मला जास्त भरवशाचा वाटतो.

लोकअदालत स्वस्त आणि तिथला निवाडा अंतिम, पण समोरचा तडजोडीला तयार हवा.

ऑर्डर घेण्याआधीच तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु म्हणून झालेली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जा. करारात लवादाचं कलम असलं तरी तो रस्ता खुला राहतो. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी निवाड्यातली ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

लवादाकडेच जायचं ठरलं, तर बिल देय झाल्यापासून ३ वर्षांच्या आत 'वाद लवादाकडे न्यायचा आहे' अशी नोटीस समोरच्याच्या हातात पडली पाहिजे. नुसती पाठवून भागत नाही. पोचपावती फाइलला लावा.