मालक बदललेले ॲड-ऑन

वेबपानाचा स्क्रीनशॉट घेण्यासाठी मी तीन वर्षे एक लहानसे ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरत होतो. ते अधिकृत स्टोअरमधून घेतले होते आणि काम चोख करत होते. त्यामुळे माझ्या ईमेलवरून ओळखीच्या लोकांकडे पैशांची मागणी होऊ लागली, तेव्हा संशय त्याच्यावर गेलाच नाही. दुहेरी पडताळणी आधीपासून होती, पासवर्डही तातडीने बदलला. तरी दोन दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडला आणि एका वयस्कर नातेवाइकांनी माझ्या काळजीपोटी पैसे पाठवूनही दिले. त्याची बोच अजून गेलेली नाही.

ॲड-ऑनची माहिती उघडली तेव्हा उलगडा झाला. मूळ निर्मात्याच्या जागी अनोळखी नाव होते आणि नवी आवृत्ती काही आठवड्यांपूर्वी आपोआप उतरली होती. ब्राउझरने काहीच विचारले नव्हते, कारण सर्व वेबसाइटवरील माझा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मी पहिल्याच दिवशी, ती ओळ नीट न वाचता, देऊन बसलो होतो. ॲड-ऑनने जास्तीची परवानगी मागितली तर ब्राउझर पुन्हा विचारतो. केवळ नव्या मालकाने नवा कोड घातला म्हणून विचारत नाही. लॉग-इन झाल्यावर आपली ओळख टिकवण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये जी कुकी, म्हणजे छोटी नोंद, ठेवते, तीच चोरीला जात होती, आणि ती हाती असली की चोराला बहुतेक वेळा ना पासवर्ड लागतो ना ओटीपी.

वीस लाखांहून अधिक लोक वापरत असलेले ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे गूगलच्या क्रोम ब्राउझरचे ॲड-ऑन २०२० मध्ये असेच विकले गेले आणि घातक कोडमुळे गूगलला ते फेब्रुवारी २०२१ मध्ये काढून टाकावे लागले. विक्रीच व्हावी लागते असेही नाही: डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला फिशिंग मेलने फसवून तिच्याच ॲड-ऑनची घातक आवृत्ती स्टोअरवर चढवण्यात आली होती.

माझी मोठी चूक क्रमाची झाली. ॲड-ऑन जागेवर असतानाच पासवर्ड बदलल्याने नव्या लॉग-इनची कुकीही त्याच वाटेने गेली. आधी ॲड-ऑन काढावे, मग सर्व उपकरणांवरून खाते साइन-आउट करावे, आणि त्यानंतरच पासवर्ड बदलावा. आता माझ्याकडे दोनच ॲड-ऑन आहेत आणि दोन्हींना साइटचा प्रवेश मी स्वतः क्लिक केल्यावरच मिळतो.