नववीच्या गणिताची दोन पुस्तकं: कॉलेजच्या धास्तीवर उतारा म्हणून किती चालतात?

सहामाहीचे पेपर दिवाळीच्या आगेमागे हातात पडतात. बीजगणितात ४० पैकी ११, भूमितीत ४० पैकी ९. त्या दिवसापासून नववीतला मुलगा किंवा मुलगी एकच प्रश्न धरून बसते: मला कॉलेज मिळणारच नाही ना? यावर बाजारात बरंच काही विकायला ठेवलेलं आहे. आयआयटी-नीटची तयारी नववीपासूनच करून घेणाऱ्या फाउंडेशन बॅच आहेत, कल चाचण्या आहेत, जाडजूड गाईडं आहेत. इथे परीक्षण करायचं आहे ते मात्र दप्तरात आधीपासून असलेल्या वस्तूचं. बालभारतीचं 'गणित भाग १' (बीजगणित) आणि 'गणित भाग २' (भूमिती), इयत्ता नववी, मराठी माध्यम, २०१७ साली आलेला अभ्यासक्रम.

आधी धास्तीचं बघू, कारण पुस्तक कसं वापरायचं ते तिच्यावरच ठरतं. आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकात मुख्यतः श्रेणी असते. ब-१, ब-२ पाहून कोणी घाबरत नाही. नववीत मात्र उघडा आकडा समोर येतो. मूल आठवीपेक्षा मठ्ठ झालेलं नसतं, मोजण्याची पट्टी बदललेली असते. त्यात आपल्याकडे कोकणात आणखी एक पेच आहे. कोकण बोर्डाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के होता आणि २०२५ मध्ये ९८.८२. राज्यात पहिला नंबर म्हणून आपण पेढे वाटतो, पण ११ गुणवाल्या पोराला त्यातून एवढंच ऐकू येतं की सगळेच पास होतात, राहणारा मी एकटा. वर गणपतीला आलेला चाकरमानी काका ओटीवर टेकायच्या आत "काय रे, किती टक्के?" विचारून मोकळा होतो.

आता नियम. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. २०२५-२६ पासून तो राज्यभर ऑनलाइन आहे आणि अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. त्या अर्जात नववीच्या गुणांसाठी रकाना नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनाला, म्हणजे रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय पॉलिटेक्निकला जायचं तर दहावीला किमान ३५ टक्के लागतात. जागा गुणवत्ता यादीनेच मिळते, पण यादी दहावीच्या गुणांची असते. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावीनंतर इंजिनीअरिंग सीईटीवर, मेडिकल नीटवर. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय असो, दापोलीचं कृषी विद्यापीठ असो की लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, नववीचं प्रगतिपुस्तक कुठेच मागत नाहीत. नववी फक्त पास व्हावी लागते. सहामाही आणि वार्षिक दोन्ही सत्रं धरून निकाल लागतो, म्हणजे दिवाळीनंतरही निम्मा डाव हातात असतो.

हे एवढं सांगून मात्र मूल शांत होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. नववीचे गुण पुढे जात नाहीत, नववीचे धडे जातात. दोन्ही पुस्तकांची खरी किंमत कळते ती दहावीची पुस्तकं शेजारी उघडून ठेवल्यावर. नववीतली 'बहुपदी' कच्ची राहिली की दहावीत 'वर्गसमीकरणे' अडतात, कारण तिथे पहिलं काम अवयव पाडण्याचं. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा नववीचा पाचवा धडा त्याच नावाने दहावीचा पहिला धडा होतो. 'गुणोत्तर व प्रमाण' हलकं वाटतं, पण 'समरूपता' त्याच्याच खांद्यावर उभी आहे. भाग २ मधला 'त्रिकोण' पायथागोरसकडे नेतो, 'त्रिकोणमिती' नाव तेच ठेवून दहावीत परत येते. 'वास्तव संख्या' मधल्या करणी, म्हणजे √२, √३ सारख्या संख्या, ज्याने सोडल्या तो ६० अंशाच्या साइनपाशी वर्गमूळ ३ दिसलं की पेन खाली ठेवतो. सीईटीच्या गणितात अकरावीच्या भागाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या भागाला ८० टक्के भार असतो, आणि त्या दोन्हींच्या तळाशी हेच धडे आहेत.

भाग १ चांगलं पुस्तक आहे. 'जरा आठवूया' मध्ये मागच्या इयत्तेची उजळणी, मग 'जाणून घेऊया', मग सोडवलेली उदाहरणं, सरावसंच, शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आणि पुस्तकामागे उत्तरसूची. ही रचना एकट्याने बसून शिकणाऱ्यासाठीच केल्यासारखी आहे. संध्याकाळची शेवटची एसटी धरायची असल्यामुळे ज्याला क्लास लावता येत नाही, त्या मुलाला हीच उपयोगी. दोष दोन. सोडवलेली उदाहरणं सोपी आणि संकीर्ण प्रश्न एकदम चढाचे, मध्ये पायरी नाही. आणि उत्तरसूचीत फक्त शेवटचं उत्तर आहे, चूक कुठे झाली ते कळायला वाट नाही.

पुस्तक वापरताना मुलांची सर्वांत मोठी चूक होते ती वाचण्याची. मुलं सोडवलेलं उदाहरण गोष्टीसारखं वाचतात, मान डोलावतात, 'समजलं' म्हणतात आणि पेपरात पहिली ओळही सुचत नाही. वाचून ओळखता येणं वेगळं, कोऱ्या कागदावर सुरुवात करता येणं वेगळं. उपाय साधा आहे. उदाहरणाचा प्रश्न उघडा ठेवून उत्तर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याने झाकायचं. पहिली ओळ आपण लिहायची, मग पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. जुळली तर पुढे. नाही जुळली तर तिथेच थांबून, आपण काय केलं आणि त्यांनी काय केलं ते वहीच्या उजव्या बाजूला लिहायचं. एका बैठकीत अशी चारच उदाहरणं. ४० मिनिटं पुरतात.

नमुन्यादाखल एक जोडी घेऊ. पुस्तकात चलांची अक्षरं रोमन आहेत, इथे जुन्या रिवाजाने क्ष आणि य.

२क्ष + ३य = १२
३क्ष − २य = ५

पहिल्याला २ ने गुणलं की ४क्ष + ६य = २४. दुसऱ्याला ३ ने गुणलं की ९क्ष − ६य = १५. बेरीज केली की १३क्ष = ३९, म्हणून क्ष = ३, आणि ती किंमत पहिल्यात घातली की य = २. चुका ठरलेल्या जागी होतात. डावी बाजू २ ने गुणली जाते आणि उजवीकडचे १२ तसेच राहतात. किंवा ६य आणि −६य समोर असताना सवयीने वजाबाकी केली जाते आणि १२य उरतं. ज्याला ११ गुण पडले त्याच्या पेपरात बहुधा याच दोन जाती वेगवेगळ्या वेषात सापडतील. म्हणून सहामाहीचा पेपर कपाटाखाली दडवू देऊ नका. लाल शाईच्या शेजारी पेन्सिलीने खुणा करा: चिन्ह, गुणाकार अपुरा, सूत्र आठवलं नाही, प्रश्न सोडला. 'मला गणित येत नाही' याच्या जागी 'माझं चिन्ह चुकतं' आलं की निम्मा धीर तिथेच येतो. चिन्हांचाच घोळ निघाला तर आधी चार दिवस आठवीच्या पुस्तकातली एकचल समीकरणं आणि विस्तार सूत्रं. त्यात कमीपणा नाही.

धड्यांचा क्रम पुस्तकाचा पाळू नका. खचलेल्या मुलाला आधी हातात गुण दिसले पाहिजेत. भाग १ मध्ये सांख्यिकीपासून सुरू करा: मध्य, मध्यक, बहुलक, संचित वारंवारता. पद्धत ठरलेली, आकडे साधे. फक्त मध्यक काढण्याआधी संख्या चढत्या क्रमाने लावायच्या राहतात, तेवढं बघा. मग रेषीय समीकरणं, मग बहुपदी. अर्थनियोजन शेवटी. त्यातल्या आयकराच्या तक्त्यातले टप्पे पुस्तक तयार झालं त्या काळचे आहेत, बाबांच्या आजच्या फॉर्मशी ताडून गोंधळ करून घेऊ नये. परीक्षेपुरता पुस्तकातला तक्ता खरा.

भाग २ तितकंसं मायाळू नाही. सिद्धता वाचून मूल आणखी घाबरतं. पण त्याच पुस्तकात सगळ्यात खात्रीचे गुण देणारा धडा आहे, चौथा, 'त्रिकोण रचना'. पाया बक ६ सेमी, कोन ब ५० अंश, अब + अक = ९ सेमी. आधी कच्ची आकृती. मग बक काढून ब पाशी ५० अंशाचा किरण, त्यावर ब पासून ९ सेमीवर ड. डक जोडा, डकचा लंबदुभाजक काढा, तो बड या रेषेला जिथे छेदतो तो बिंदू अ. अक जोडला की त्रिकोण तयार. दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू ड आणि क पासून सारख्या अंतरावर असतो, म्हणून अड = अक, आणि अब + अक ९ भरतात. पट्टीने मोजून लगेच पडताळता येतं, कुणाला विचारायला नको. चुकतं ते हत्यारामुळे. पेटीतल्या कंपासाचा स्क्रू सैल असतो, कंस काढता काढता त्रिज्या सरकते. पेन्सिलीचं टोक बोथट असतं. किंवा डकच्या निम्म्याहून कमी त्रिज्या घेतल्यामुळे कंस एकमेकांना छेदतच नाहीत. चांगला कंपास वेगळा विकत घ्या. गाईडपेक्षा त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

पेपराचा आराखडा मुलासमोर मांडायलाच हवा. दहावीचा ४० गुणांचा गणिताचा पेपर, आणि बहुतेक शाळांत नववीचाही, असा असतो: पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार साधे, सगळे एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा, सगळे दोन-दोन गुणांचे, त्यातही काही कृती म्हणजे गाळलेल्या चौकटी भरायच्या. तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३. म्हणजे निम्मा पेपर एक-दोन गुणांच्या प्रश्नांचा. दोन्ही पेपरांचे असे ४० गुण, अंतर्गत मूल्यमापनाचे २० वेगळे, आणि पास व्हायला १०० पैकी ३५. चौथा प्रश्न बघून ज्याला घाम फुटतो त्याने आधी सरावसंचांमधली पहिली तीन-चार उदाहरणं पक्की करावीत. संकीर्ण प्रश्नसंग्रहातला बहुपर्यायी प्रश्नही सोडू नये. बाकी अवघड उदाहरणं मे महिन्यासाठी ठेवली तरी चालतील, आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर दुपारी.

वेळापत्रक करताना शिमगा विसरू नका. पालखी दारात येते ते दिवस आणि वार्षिक परीक्षेची उजळणी एकमेकांवर आदळतात, आणि पालखीच्या दिवसांत मूल अभ्यासाला बसेल हा भ्रम आहे. उजळणी शिमग्याच्या आठवडाभर आधी संपेल असं बघा. तेवढे दिवस सोडून द्या.

खरेदीचं. आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. वाडीतल्या दहावीतल्या मुलाची जुनी घेतली तर धड्यांची यादी ताडून घ्या, आणि आधीच्या मालकाने चौकटींत पेनाने उत्तरं भरलेली नाहीत ना ते बघा. भरलेली असतील तर कृतींचा सराव गेलाच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही भागांची पीडीएफ फुकट आहे. खाडीपलीकडे रेंज नसते, तेव्हा बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर फोनमध्ये उतरवून ठेवा. छापील प्रतीला पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकचं कव्हर घाला. दोन पावसाळी आठवड्यांत पानं फुगून पुस्तक मिटेनासं होतं.

भाग १ ला पाचपैकी चार, भाग २ ला तीन, त्यातला एक फक्त चौथ्या धड्यासाठी. आयआयटी-नीटची बॅच घ्यायचीच असेल तर दहावीचा निकाल लागल्यावर बघा. नववीत आयआयटीची वही आणून दिली तर ११ गुणवाल्याला ती उघडायचीही भीती वाटेल.