सुझदाल की रोस्तोव वेलिकी? सॅक पाठीला लावून जाणाऱ्यांसाठी

मॉस्कोच्या सहलीतून दोन-तीन दिवस काढून एखादं जुनं, छोटं रशियन गाव पायी बघायचं असेल, तर 'गोल्डन रिंग'च्या, म्हणजे मॉस्कोच्या ईशान्येकडच्या जुन्या गावांच्या यादीतून शेवटी बहुतेकांकडे ही दोन नावं उरतात. दोन्ही मॉस्कोपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आणि दोन्हीकडे क्रेमलिन (म्हणजे जुन्या गावातला तटबंद भाग), मठ, लाकडी घरं. नकाशावर ती शेजारी दिसतात म्हणून एकाच फेरीत दोन्ही उरकायचा बेत बरेच जण करतात. तो सोडून द्या. सुझदालला रेल्वे नाही. तिथून रोस्तोवला जायचं म्हणजे बसने इवानोवो, पुढे यारोस्लाव्हल आणि तिथून उलटं खाली, यात अख्खा दिवस जातो.

मग निवडायचं कसं? आमच्या मते एकच प्रश्न विचारा: तिथे रात्रीचा मुक्काम करणार आहात का? करणार असाल तर सुझदाल. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल किंवा पुढे यारोस्लाव्हल गाठायचं असेल तर रोस्तोव. सुझदालला दिवसभरासाठी जाणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाया जाणारा बेत आहे. अकरा ते चार या वेळात तुम्ही आणि टूर बसमधले लोक एकाच रांगेत असता. सहानंतर बस निघून जातात आणि कामेंका नदीच्या वळणावरचं गाव मोकळं होतं. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत टिकतो, म्हणजे बघायचं ते या साडेतीन तासांत बघता येतं.

पोचायचं कसं

सुझदालचा प्रवास दोन टप्प्यांचा. मॉस्को ते व्लादिमिर 'लास्तोच्का' ही जलद गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा, कारण या मार्गावरच्या गाड्या कधी कुर्स्की, तर कधी वोस्तोच्नी स्टेशनवरून सुटतात, आणि चुकीच्या स्टेशनवर पोचलात तर मेट्रोने धावाधाव करूनही गाडी मिळेलच असं नाही. व्लादिमिरला उतरल्यावर समोरच बस स्टँड. तिथून सुझदालची बस साधारण तासाभरात पोचवते. मात्र सुझदालचा स्टँड गावाबाहेर आहे. मधल्या चौकापर्यंत वासिल्येव्स्काया रस्त्याने सरळ चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही, जानेवारीत बर्फावरून बारा किलोची सॅक घेऊन वाटतं.

रोस्तोव थेट रेल्वेवर आहे. मॉस्कोच्या यारोस्लाव्स्की स्टेशनवरून जलद गाडीने दोन-अडीच तास. स्टेशनपासून क्रेमलिन दीडेक किलोमीटर, सरळ रस्ता. स्वस्तात जायचं असेल तर मॉस्को ते अलेक्सांद्रोव लोकल आणि तिथून यारोस्लाव्हलकडे जाणारी दुसरी लोकल धरा. तिला पासपोर्ट दाखवून जागा राखावी लागत नाही. पण दुसऱ्या लोकलच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात. आधी तिची वेळ बघा आणि मग पहिली निवडा. उलटं केलं की अलेक्सांद्रोवच्या फलाटावर तास-दोन तास बसून काढावे लागतात. या मार्गाचा एक फायदा म्हणजे सेर्गियेव पोसादचा मोठा मठ वाटेतच लागतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतं. तिकिटाच्या ॲपमध्ये 'रोस्तोव' टाइप केलं की वर येतं ते रोस्तोव-ना-दोनू. ते दक्षिणेकडचं, हजारावर किलोमीटर लांबचं मोठं शहर आहे. आपल्याला हवं ते स्टेशन 'रोस्तोव-यारोस्लाव्स्की'. खिडकीवर तिकीट काढतानाही हे पूर्ण नाव लिहून दाखवा.

बघायला काय आहे

सुझदालचा पहिला उल्लेख 1024 सालचा. आज वस्ती दहा हजारांच्या आतबाहेर आणि कारखाने फारसे नाहीत. 1992 पासून व्लादिमिर आणि सुझदालची पांढऱ्या दगडातली वास्तू युनेस्कोच्या यादीत आहेत. क्रेमलिनमधल्या निळ्या, सोनेरी ताऱ्यांच्या घुमटांच्या कॅथेड्रलचा पाया तेराव्या शतकातला. आतली भित्तिचित्रं नाजूक असल्याने हवा फार दमट असली की ते बंद ठेवतात, तेव्हा पावसाचा दिवस असेल तर क्रेमलिन उद्यावर टाका आणि 1352 मध्ये स्थापन झालेला स्पासो-येव्फिमियेव मठ आधी करा. त्याच्या तांबूस तटांच्या आत कारागृह, बाग, वेगवेगळी संग्रहालयं असं बरंच आहे. तीन तास हाताशी ठेवा. नदीपलीकडचं लाकडी वास्तूंचं खुलं संग्रहालय तासाभराचं. वेळ उरला तर चार किलोमीटरवरच्या किदेक्शाला चालत जा. 1152 चं बोरिस-ग्लेबचं चर्च नदीकाठी उभं आहे आणि तिथपर्यंत टूर बस फारशा येत नाहीत.

सुझदालच्या खात्यात व्लादिमिरही धरायला हवं, कारण ते वाटेतच आहे. 1164 चा सोनेरी दरवाजा आणि कॅथेड्रलमधली 1408 ची आंद्रेइ रुब्ल्योवची भित्तिचित्रं एवढ्यासाठी अर्धा दिवस थांबणं परवडतं. शेजारच्या बोगोल्यूबोवोतून कुरणातून दीड किलोमीटर चाललं की नेर्ल नदीवरचं पोक्रोव चर्च लागतं. एप्रिलमध्ये बर्फ वितळून कुरण पाण्याखाली जातं, तेव्हा ही वाट धरू नका.

रोस्तोवचं नाव 862 सालीच इतिवृत्तात येतं. तीसेक हजारांचं गाव, आणि खरंखुरं राहतं गाव. रंग उडालेल्या इमारती, खड्ड्यांचे रस्ते आणि त्यामधोमध क्रेमलिन. ज्यांना चित्रातल्यासारखं नीटनेटकं गाव हवं असतं ते इथे नाराज होतात. पण क्रेमलिन मात्र सुझदालच्या क्रेमलिनपेक्षा सरस आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ धर्मगुरू) इओना सिसोयेविच यांनी ते बांधलं ते लढाईसाठी नव्हे, स्वतःच्या निवासासाठी. बुरूज, तट सगळं दिमाखासाठी. तटावरून एका चर्चमधून दुसऱ्यात जाता येतं, आणि चर्चच्या आत जमिनीपासून छतापर्यंत भित्तिचित्रं. अट एकच: चर्चमध्ये उष्णतेची सोय नाही, म्हणून ती आणि तटावरची वाट फक्त उबदार महिन्यांतच उघडी असते. 1953 च्या चक्रीवादळात या संकुलाची छपरं आणि घुमट उडाले होते. आज दिसतं त्यातलं बरंच नंतरच्या पुनर्बांधणीतलं आहे.

क्रेमलिनला लागूनच कॅथेड्रलचं घंटाघर. सगळ्यात मोठ्या घंटेचं नाव सिसोय, इओना यांच्या वडिलांचं. 1688 मध्ये ओतलेली, वजन 2000 पूद (जुनं रशियन माप) म्हणजे सुमारे 32 टन. घंटावादन ऐकायचं असेल तर रविवार किंवा सणाचा दिवस धरा.

मागे नेरो तळं आहे. तेरा किलोमीटर लांब, पण बहुतेक ठिकाणी माणूस बुडणार नाही इतकं उथळ. तरी पोहायला उतरू नका, तळाशी मीटरच्या मीटर मऊ गाळ आहे आणि पाय आत जातो. उन्हाळ्यात छोट्या होड्या मिळतात. क्रेमलिनचा फोटो पाण्यावरून काढलेलाच चांगला येतो.

रोस्तोवहून आणायची वस्तू म्हणजे 'फिनिफ्त', काचेसारख्या मुलाम्यावरची (इनॅमल) सूक्ष्म चित्रं. तांब्याच्या पातळ पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून भाजतात, वर बारीक कुंचल्याने रंग, आणि रंगाच्या थरागणिक पुन्हा भट्टी. घेताना वस्तू उलटी करा. अस्सल कामात पत्र्याच्या मागेही मुलाम्याचा थर असतो, कारण एकाच बाजूला असला तर थंड होताना पत्रा वाकतो आणि चित्राला तडे जातात. पुढची बाजू मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून बघा. ठिपके सारख्या अंतरावर ओळीत दिसले तर ते छापील आहे, हातचे ठिपके कमीजास्त असतात. जुनी मूर्तिचित्रं, म्हणजे आयकॉन, मात्र हौसेने घेऊ नका. जुन्या आयकॉनला सांस्कृतिक खात्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि विमानतळावर ते जप्त होतात.

राहणं, खाणं, पैसे

सुझदालमध्ये हॉस्टेलपासून हॉटेलपर्यंत भरपूर पर्याय आहेत, फक्त शुक्रवार-शनिवारी मॉस्कोकर येतात आणि भाव चढतात. सोमवार ते गुरुवार जा. मात्र संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी याच दिवसांत येते, शिवाय महिन्यातून एक दिवस ती साफसफाईसाठी बंद असतात. खोली पक्की करण्याआधी हे तपासा. रोस्तोवमध्ये पर्याय कमी आणि भाव शांत.

शाकाहारी माणसाला सुझदाल सोपं. मडक्यात भाजलेले मशरूम, बटाट्याचे व्हारेनिकी (सारण भरून उकडलेले), ब्लिनी (पातळ धिरडी), आणि इथली काकडी तर प्रसिद्धच. मधापासून केलेली मेदोवुखा सगळीकडे मिळते, पण तिच्यात मद्यार्क असतो, चवीवरून कळत नाही. दोन्ही गावांत 'पोस्तनोये', म्हणजे उपवासाचे पदार्थ विचारा. त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं, मासे मात्र कधी असतात. भाजीचं सूप शाकाहारी धरून चालू नका, बऱ्याचदा ते मांसाच्या पाण्यात शिजतं. रोस्तोवला खानावळी मोजक्या आणि लवकर बंद होणाऱ्या, तेव्हा संध्याकाळी सुपरमार्केटमधून केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), पाव, चीज घेऊन ठेवा.

पैशांचं गणित दोन्हीकडे सारखंच, आणि ते चुकलं तर सहलच अडते. भारतातली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं मार्च 2022 पासून रशियात चालत नाहीत, एटीएममध्येही नाही. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न फाटलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटा न्या आणि मॉस्कोतल्या बँकेतच रुबल करून घ्या. छोट्या गावातल्या बँकेवर विसंबू नका. जागा शोधताना 'पोचल्यावर रोख' घेणारीच निवडा. रेल्वेचं तिकीटही रोखीने खिडकीवर काढा, जलद गाडीला पासपोर्ट लागतो.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून मिळतो, एकाच प्रवेशाचा. ऑगस्ट 2025 पासून त्यावर 30 दिवस राहता येतं, पण दिवस तारखेने मोजतात. रात्री अकराला उतरलात तरी तो पहिला दिवस धरला जातो. 2025 पासून परदेशी माणसाला रशियन सिम घेण्यासाठी बायोमेट्रिक नोंदणी लागते, दोन-चार दिवसांसाठी त्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. शिवाय ड्रोन हल्ल्यांच्या भीतीने मोबाइल इंटरनेट मधूनच बंद होतं आणि मॉस्कोचे विमानतळही काही तास थांबतात. ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या, हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर ठेवा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मॉस्कोतच राहा. विमा काढताना युद्धजन्य कारणं वगळली आहेत का ते वाचा.

कोणत्या महिन्यात कोणतं

मे अखेर ते सप्टेंबर दोन्ही चालतात. मे ते जुलै गवतात गोचिड्या असतात, आणि यारोस्लाव्हल भागात त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो, तेव्हा तळ्याकाठी किंवा कुरणात चालताना पँट मोज्यात खोचा आणि रात्री अंग तपासा. मार्च-एप्रिल चिखलाचे, दोन्हीकडे टाळा. हिवाळ्यात रोस्तोवची भित्तिचित्रं कुलपात जातात, म्हणजे तिथे जायचं मुख्य कारणच संपतं. तेव्हा सुझदाल, पण 1 ते 8 जानेवारी आणि मास्लेनित्साचा (हिवाळ्याला निरोप देणाऱ्या सणाचा) आठवडा सोडून. त्या दिवसांत खोली दुप्पट भावालाही मिळत नाही.