घरचा भरडा, लेयर मॅश की क्रंबल?

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्याला खाद्याचा प्रश्न पडतोच, आणि आपल्या सातारा-सांगलीकडे त्याचं निम्मं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मका घरचा, सोयापेंड तालुक्याच्या दुकानात, चक्की हाकेच्या अंतरावर. "मग पोतं कशाला विकत आणतोस रं?" असं आमची आई अजून विचारते, आणि तिचं अगदीच चुकतं असं नाही.

आमचं घर कराडजवळ. खुराड्यात गावठी, गिरिराज आणि ग्रामप्रिया अशी सरमिसळ आहे. सकाळी दार उघडलं की कोंबड्या बांधाला पांगतात आणि ऊन चढलं की परत येतात. घरचा भरडा, पोत्यातलं लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं, म्हणजे लेयरचं, बारीक दळलेलं तयार खाद्य) आणि क्रंबल (तेच, पण दाणेदार) हे तिन्ही मी आलटून पालटून घालून पाहिलं आहे. पुढचं सगळं अशा मोकळ्या सुटणाऱ्या कोंबड्यांपुरतं समजा. पिंजऱ्यातल्या लेयरवाल्यांची गणितं निराळी असतात.

आधी भरड्याविषयी, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. शंभर किलोला मका पंचावन्न, सोयापेंड बावीस, कोंडा बारा, शिंपल्याचा चुरा आठ आणि उरलेल्या तीन किलोत डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), मिनरल मिक्श्चर आणि किंचित मीठ असा हिशेब धरला, तर अंड्यावरच्या कोंबडीला लागणारी सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं निघतात. पाटणकडे तांदळाची कणी स्वस्त मिळते आणि जत-आटपाडीकडे ज्वारी-बाजरी घरची असते, त्यामुळे मक्यातला काही भाग तिकडे वळवता येतो. पेंडेऐवजी घरचं कच्चं सोयाबीन मात्र भरडून घालू नका. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही. दाणे भाजून घेतले तर चालतात. ओलसर मका आणि जुनी शेंगदाणा पेंड यांच्यापासूनही जपावं. त्यांच्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते चक्कीत दळून जात नाही. दाण्याचा वास घेतल्याशिवाय मी तरी डबा चक्कीवर नेत नाही.

भरड्याचं सुख म्हणजे आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं आणि माल ताजा असतो. खर्चही कमी येतो, निदान कागदावर तरी.

लेयर मॅश म्हणजे हेच सगळं कारखान्यात बारीक दळून, मोजून मिसळलेलं. जीवनसत्त्वं आणि खनिजं बरोबर पडलेली असतात, ही जमेची बाजू. दुसरी जमेची बाजू फारसं कुणी सांगत नाही. मॅश खायला कोंबडीला वेळ लागतो. दिवसभर बंद जागेत असलेल्या कोंबड्यांना ते बरंच, कारण चोच कामात राहिली की त्या एकमेकींची पिसं कमी ओढतात. तुमच्या कोंबड्या बिबट्याच्या किंवा कुत्र्यांच्या भीतीनं जाळीतच असतील, तर मॅशकडे पाठ फिरवायच्या आधी हा मुद्दा लक्षात घ्या.

आता ज्या एका गोष्टीला मी कंटाळलो ती सांगतो. ती म्हणजे भरडा असो की मॅश, तळाला उरणारी भुकटी.

सकाळी भांडं भरावं, कोंबड्यांनी तुटून पडावं आणि दुपारी बघावं तर तळाशी बोटभर करडी-पिवळी पूड तशीच. कोंबडी मान वाकडी करून एका डोळ्यानं तिच्याकडे बघते आणि निघून जाते. तिला दाणा हवा असतो. चोचीत धरता येतो तो मक्याचा तुकडा ती आधी वेचते, आणि तो सापडावा म्हणून भोवतालचं सगळं चोचीनं डावी-उजवीकडे उडवते. उडालेलं भांड्याबाहेर तुसात पडतं, त्यावर विष्ठा पडते आणि मग ते कुणीच खात नाही. आपल्याला वाटतं खाद्य आहे अजून, म्हणून वरून नवीन ओततो. खालचा थर तसाच दबतो. पावसाळ्यात त्याची चार दिवसांत वडी होते, आणि ती उचकटली की आंबूस वास येतो.

बरं, ही भुकटी म्हणजे टाकाऊ भाग असता तर मी सोडून दिलं असतं. पण खाली बसतं ते नेमकं महागाचं: पेंडेची पूड, डीसीपी, मिनरल मिक्श्चर. वेचून खाल्ला जातो तो मका, म्हणजे नुसती पिठूळ ऊर्जा. कागदावर सोळा टक्के प्रथिनं असली, तरी कोंबडीच्या पोटात तेवढी जात नाहीत. आमच्याकडे भरड्याच्या दिवसांत कोंबड्या अंगानं जाड झाल्या आणि अंडी मात्र रोडावली. याला दुसरंही काही कारण असू शकेल, ऋतू बदलला असेल, पण माझा संशय भुकटीवरच आहे.

पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. मॅश चोचीला चिकटतं, कोंबडी थेट पाण्यावर जाते आणि चोच धुऊन निघते. दुपारपर्यंत पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खिमटासारखा लगदा साचलेला असतो. कराडच्या एप्रिल-मेमध्ये तो बुळबुळीत व्हायला वेळ लागत नाही. ते भांडं रोज घासायचं काम घरात कुणाचं, यावरून आमच्याकडे बरीच बोलाचाली झाली आहे.

भुकटीवर उपाय नाही असं नाही. भरडा पाण्यात कालवून ओलसर करून घातला की सगळं एकजीव होतं आणि कोंबड्या भांडं चाटूनपुसून ठेवतात. पण तासाभरात संपेल एवढंच कालवायला हवं, नाहीतर उन्हात आंबतं. सकाळ-संध्याकाळ हात घालायला घरात कुणीतरी असेल, तर हा उत्तम मार्ग आहे आणि पैसेही वाचतील. आमच्याकडे सकाळी दूध आणि शाळा यांतच सगळे अडकलेले असतात. चक्कीवाल्याला भरड जाड ठेवायला सांगूनही थोडा फरक पडतो, पण पेंड आणि खनिजांची पूड शेवटी पूडच राहते.

क्रंबलमध्ये ही कटकट बहुतांशी संपते. सगळं मिश्रण वाफेवर दाबून गोळी करतात आणि ती फोडून क्रंबल बनतं. त्यामुळे प्रत्येक कणात मका, पेंड, खनिज सगळं आलं. कोंबडीला निवड करायला वावच नाही. सांडलंच तर तुसात कण दिसतो आणि ती तो टिपून घेते. पाणीही बरंच स्वच्छ राहतं. वाया किती जायचं आणि आता किती जातं हे मी काट्यावर तोललेलं नाही. पण खुराडं झाडताना सुपलीत पूर्वी जी पूड यायची ती आता नावालाच येते, आणि घुशींची बिळंही कमी झाल्यासारखी वाटतात.

तोटे आहेत. क्रंबल मॅशपेक्षा महाग पडतं. शिवाय लेयरचं क्रंबल प्रत्येक दुकानात नसतं, सांगून मागवावं लागतं. इथेच एक घोळ होतो. "क्रंबलच ना? हे घ्या," म्हणत दुकानदार ब्रॉयलर स्टार्टरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांच्या खाद्याचं, पोतं पुढे करतो. दिसायला ते तसंच असतं, पण त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर आणि कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं. ते नाही मिळालं की टरफल पातळ होतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचूनच पैसे द्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: लेयरचं खाद्य पिल्लांना घालायचं नाही, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. लहान-मोठं सगळं एकाच खुराड्यात असेल, तर ग्रोअरचं (वाढत्या कोंबड्यांचं) खाद्य आणि शिंपल्याच्या चुऱ्याची वेगळी वाटी हा सोपा तोडगा. टरफल बरंचसं रात्रीत तयार होतं, म्हणून संध्याकाळी त्या वाटीकडे कोंबड्यांची गर्दी जास्त दिसते.

भांड्याबद्दल थोडक्यात, कारण चुकीच्या भांड्यात क्रंबलही सांडतंच. टांगतं भांडं घ्या आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं लटकवा. पन्हळ असेल तर तिसरा हिस्साच भरा. काठोकाठ भरलेल्या पन्हळीतून जितकं सांडतं तितकं दुसऱ्या कशानं सांडत नसावं. पीव्हीसी पाइपाचं घरगुती भांडं दिसायला झकास असतं आणि क्रंबल त्यातून बरं उतरतं. मॅश मात्र वाकणात तुंबतं आणि काठी घालून ढोसावं लागतं. रात्री भांडं उचलून आत घ्या, उंदरांना मेजवानी नको.

तेव्हा ठरवायचं कसं? माण-खटावसारख्या कोरड्या हवेत राहत असाल, घरात दोन वेळा कालवून घालणारं माणूस असेल आणि मका स्वतःचा असेल, तर भरडा सोडा असं मी म्हणणार नाही. कोंबड्या कायम जाळीत असतील तर मॅशही वाईट नाही. पण जावळी-पाटणसारखी ओल असेल, किंवा सकाळी भांडं भरून दिवसभर कामाला जायचं असेल, तर माझं मत क्रंबलला. आम्ही सकाळी क्रंबल घालतो आणि दिवस मावळताना मूठ-दोन मूठ अख्खी ज्वारी अंगणात फेकतो. त्या निमित्तानं सगळ्या घराकडे येतात आणि मोजणीही होते. घरचा मका विकला जातो, त्यावर आई नाराज आहे. पण पाण्याचं भांडं आता एक दिवसाआड घासलं तरी चालतं, हे तिच्याही ध्यानात आलं आहे.

पहिल्यांदा मागवताना पन्नास किलोचं पोतं शेजाऱ्याबरोबर निम्मंनिम्मं करा. तयार खाद्य महिना-दीड महिन्यात संपलेलं बरं, पुढे जीवनसत्त्वं उतरत जातात. पोतं फोडल्यावर एक मूठ पिठाच्या चाळणीतून चाळून बघा. फारच पूड निघाली तर पोतं बदलून मागायला लाजू नका. आणि बदल एकदम करू नका. आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा, नाहीतर काही कोंबड्या रुसून भांड्याजवळ येतच नाहीत. क्रंबलच्याही तळाशी थोडी भुकटी उरतेच. ती ताकात कालवून संध्याकाळी ठेवली की संपते.