ट्रायगोनाच्या प्रोपोलिसची ‘हमीभावाने खरेदी’: पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ती जाहिरात परत फिरायला लागली आहे. कंपनीचं नाव तेवढं बदललंय, फोटो तेच आहेत. जुन्या कंपनीविरुद्ध आमचा तक्रार अर्ज पोलिसांत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण योजना वाचलीत की ओळखाल.

योजना अशी. डंख नसलेल्या मधमाश्यांची, म्हणजे ट्रायगोनाची, पेटी साडेसहा हजारांना. दहाच्या खाली पेट्या मिळत नाहीत. प्रत्येक पेटीतून वर्षाला दोन किलो प्रोपोलिस, म्हणजे माशीने जमवलेला झाडांचा चीक, निघणार आणि कंपनी तो किलोला बारा हजारांनी उचलणार. पाचशेच्या स्टँप पेपरवर करार. त्याआधी एका हॉलात मेळावा झाला. फेटे, सत्कार, मटणाचं जेवण आणि बाहेरगावचे दोन ‘यशस्वी शेतकरी’. त्यांतल्या एकाला बाजूला घेऊन विचारलं, पेटीला मुंग्या लागतात त्याचं काय करता? तो हसून म्हणाला, “साहेबांना विचारा.” अशाच फसव्या योजनांत आधी इमू झाले, 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण गाजलं, आता माशीचा नंबर लागलाय.

माशी मात्र खरी आहे आणि गुणाची आहे. कोकणात हिला कोण ओळखत नाही? चिऱ्याच्या गडग्यात, मातीच्या भिंतीत, कधी लाइटच्या मीटरमागे राहणारी, तीन-चार मिलिमीटरची काळी माशी. दाराशी मेण-राळेची बारीक नळी काढते आणि त्या नळीच्या तोंडावर चारदोन पहारेकरी कायम बसलेले असतात. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. नांगी नावालाच, पण घरटं उघडलंत तर केसांत शिरून चावायला कमी करत नाही. केरळात हिला मडक्यात, बांबूत, नारळाच्या करवंटीत पाळतात. तिचा पातळ, आंबटसर मध तिथे ‘चेरुतेन’ म्हणून साध्या मधाच्या कितीतरी पट भावाने जातो.

प्रोपोलिस म्हणजे तिने झाडांवरून गोळा केलेला चीक. आंब्याच्या सालीतून पाझरणारा थेंब ती मागच्या पायांवर लावून आणते, मेणात कालवते आणि त्यातूनच मधाचे कुंभ, भिंती, दार सगळं बांधते. फटी बुजवायला तोच, शत्रूला आवरायलाही तोच. ऑस्ट्रेलियातल्या हिच्या बहिणी पेटीत घुसलेल्या भुंगेऱ्याला राळ, मेण आणि मातीत जिवंत चिणून टाकतात, अशी नोंद आहे. हा माल जंतूंना रोखतो हेही प्रयोगशाळांत दिसलंय. म्हणून तर तो टूथपेस्टमध्ये, माउथवॉशमध्ये, मलमात जातो.

पण किती मिळतो? या माशीची वसाहत काही हजारांची. वर्षाकाठी अर्धा किलो मध निघाला तरी पाळणारा खूश असतो. मोठ्या इटालियन माशीच्या पेटीत भर हंगामात पन्नास हजारांच्या आसपास माश्या असतात, तीसुद्धा वर्षाला साधारण शे-दीडशे ग्रॅम प्रोपोलिस देते. मग या चिमुकलीकडून दोन किलो? अख्खं घरटं मोडून वितळवलं तरी एवढा भरायचा नाही. आणि घरटं असं ओरबाडलं की फुटलेल्या कुंभांच्या वासाने मुंग्या येतात, चिलटांसारख्या बारीक माश्या येऊन अंडी घालतात, आणि पंधरवड्यात पेटी रिकामी.

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात का आलं नाही? आमच्या भागात पेट्या आहेत त्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, आणि जंगलात आग्या. सातेरी प्रोपोलिस जवळपास गोळाच करत नाही. त्यामुळे ज्यांच्या घरात दोन पिढ्या मधपेट्या आहेत त्यांनीही हा माल कधी हातात धरलेला नव्हता. ताडून बघायला काही नाही, तिथे नेमका यांनी बाजार मांडला.

मेळाव्यात प्रत्येकाला ‘असा माल तयार करायचा’ म्हणून नमुन्याची पिशवी दिली होती. पिवळट-तपकिरी, काचेसारखे चकचकीत खडे. माझी पिशवी शेजारच्या दाजींनी बघितली. दाजी दशावतारात राक्षसाची कामं करत. त्यांनी एक खडा पाट्यावर ठेवून वरवंट्याने दाबला, त्याची सरळ पूड झाली. ती चिमूट त्यांनी दिव्याच्या ज्योतीवर उडवली. भपकन जाळ झाला आणि ओळखीचा वास सुटला. राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर उडवतात तीच राळ! दाजी म्हणाले, “ह्यां माश्यांचा नाय, ह्यां दुकानातला.” ट्रायगोनाचा खरा चीक आपल्याकडच्या उकाड्यात कुटला जात नाही. तो बोटांना चिकटतो, दाबला की चपटा होतो, ओढला की तार धरतो. पूड करायची तर आधी फ्रीजमध्ये कडक करावा लागतो.

पेट्या आल्या रात्री, टेंपोतून. सकाळी बघतो तर निम्म्या पेट्यांत ना राणी, ना अंड्यांचा पुंजका. मूठभर कामकरी माश्या आणि दारावर बाहेरून चिकटवलेली नळी. फोन केला तर “स्थिरावू द्या.” दोन-तीन पेट्या खरोखर चांगल्या होत्या आणि त्यांचेच व्हिडिओ आम्ही कौतुकाने ग्रुपवर टाकत होतो. पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला तेच वापरले गेले.

मग माल पाठवायची वेळ आली. पहिल्यांदा ‘मेण जास्त’ म्हणून परत. दुसऱ्यांदा ‘ओलावा जास्त’. तिसऱ्या खेपेला चाचणी शुल्क तीन हजार, वर जीएसटी. अहवाल मात्र कुणालाच मिळाला नाही. करार काढून नीट वाचला तर सगळी मेख एका ओळीत होती: ‘कंपनीच्या निकषांनुसार योग्य ठरलेलाच माल खरेदी केला जाईल.’ निकष कुठेही छापलेले नाहीत. पुढच्या कलमात, वसाहत मेल्यास जबाबदारी शेतकऱ्याची. म्हणजे दर कितीही लिहा, एक रुपयाही देण्याची वेळ त्यांच्यावर येणारच नव्हती. धंदा प्रोपोलिसचा नव्हताच, पेट्या विकण्याचा होता. पावसाळा लागला आणि फोन बंद.

याच मंडळींचा दुसरा उद्योग म्हणजे छोट्या बाटलीतले थेंब, नऊशे रुपयांना. साखर उतरते, गाठी विरघळतात, काय वाटेल ते. आमच्या एका काकूंनी त्यावर मधुमेहाची गोळी सोडली होती, ती आम्ही भांडून परत सुरू करायला लावली. तोंड आलं असता खऱ्या अर्काने आराम पडू शकतो, पण त्यापलीकडचे दावे कुणी केले तर सरळ उठून चालू लागा. काहींना प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी असते, कातडीवर लाल चट्टे उठतात. यूट्यूबवर सांगतात की थेंब पाण्यात टाकून पांढुरकं झालं तर अस्सल. त्या परीक्षेला काही अर्थ नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेली साधी राळही पाण्यात तशीच दुधाळ होते. चीनमध्ये तर पॉप्लर झाडाच्या कळ्यांचा अर्क काढून तो प्रोपोलिस म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं. घरगुती चाचण्यांनी तो काही कळला नसता.

माशी पाळायची हौस असेल तर जरूर पाळा. परागीभवनासाठी ती फार कामाची आहे, परसातल्या काकडी-दोडक्याला उपयोगी पडते. पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, आधी तिथे किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पेटी घेताना दिवसाउजेडी उघडून अंड्यांचा पुंजका आणि राणी दाखवायला लावा. विकणारा टाळाटाळ करायला लागला की पैसे खिशातच ठेवा.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी स्टँप पेपर, यूपीआयच्या नोंदी, टेंपोच्या पावत्या आणि ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा. ग्रुप डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915 आहे. पोलीस ठाण्यात एकेकट्याने जाल तर ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून परत पाठवतात, आम्हालाही पाठवलं होतं. सगळे मिळून गेलो तेव्हा अर्ज घेतला आणि आता तो आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलाय. तुमचा करार त्याच मजकुराचा असेल तर त्याची प्रत आमच्या अर्जाला जोडता येईल.