पम्पकिन स्पाइस लाटे घरी करायची? बाटली, पाक की नुसता मसाला

बेंगळुरूला नोकरी करणारी माझी भाची सुट्टीत बेळगावला आली, तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, तिकडं मिळते ती भोपळ्याची कॉफी आपल्या घरात करायला येईल का गं? का सरळ सिरपची बाटली मागवू?" मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. मग महिनाभर तिन्ही तऱ्हा करून पाहिल्या: विकतची बाटली, भोपळ्याचा घरचा पाक आणि भोपळ्याशिवाय नुसता मसाला. तुम्हीही याच विचारात असाल तर खालचं वाचून ठरवायला सोपं जाईल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळा निर्णय तिच्यावरच आहे. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या अमेरिकी साखळीनं ही कॉफी २००३ साली अमेरिकेत आणली. नावात भोपळा असूनही पहिली बारा वर्षं तिच्यात भोपळा नव्हता. खरा गर २०१५ पासून घालू लागले. लोक जी चव ओळखतात ती मसाल्याची आहे. अमेरिकेत भोपळ्याच्या 'पाय'मध्ये, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थात, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस (एका झाडाची वाळवलेली फळं) पडतं, तोच हा मसाला. म्हणजे चव मसाल्याची, आणि भोपळा घोटाला दाटपणा देणारा. आपल्याला यात परकं वाटावं असं फारसं काही नाही. आमच्या आजीच्या हातची कॉफी सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळल्याशिवाय होतच नसे, आणि तांबड्या भोपळ्याचे घारगे करताना जायफळ-वेलची आपण आजही घालतोच.

बाटलीचं लवकर आटोपते. फायदा उघड आहे: दोन चमचे ओतले की झालं, भांडी घासायला नकोत, आणि सीलबंद असेपर्यंत महिनोन्‌महिने टिकते. पण विकत घेण्याआधी मागचं लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांत भोपळा नावालाही नसतो. साखर, पाणी, स्वाद आणि रंग एवढंच असतं. बाटलीला काही शे रुपये पडतात, आणि घरात कॉफी पिणारं एकच माणूस असेल तर ती संपता संपत नाही. शिवाय गोडी तुमच्या हातात राहत नाही, कारण मसाला वाढवायला गेलात की साखरही वाढतेच. पाहुणे येणार आहेत, वेळ नाही, चव अगदी दुकानातल्यासारखीच हवी, तेवढ्या प्रसंगी बाटली ठीक. एरवी मी ती घेणार नाही.

नुसता मसाला ही सगळ्यात स्वस्त तऱ्हा. दालचिनी चार भाग, सुंठ दोन भाग, जायफळ एक भाग आणि लवंग अर्धा भाग, अशी पूड करून घट्ट झाकणाच्या डबीत भरा. ऑलस्पाइस आपल्याकडच्या किराणा दुकानात सहसा नसतं, आणि त्यावाचून काही अडत नाही. त्याच्या वासातला मुख्य घटक युजेनॉल, तोच लवंगेतही असतो, म्हणून लवंग किंचित वाढवली की भागतं. मात्र लवंग जरा जास्त झाली तर कॉफीला दातदुखीच्या औषधाचा वास येतो, तेव्हा हात आखडता ठेवा.

या तऱ्हेत अडचण एकच, पण मोठी. दालचिनीची पूड दुधात विरघळत नाही. ती वर तरंगते, आणि थोडा वेळ राहिली की बुळबुळीत होऊन तळाशी बसते. शेवटचे दोन घोट टाकून द्यावे लागतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे पूड दुधात न घालता कॉफीच्या फिल्टरमध्ये घालणं. स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात कॉफी पावडरीत पाव चमचा मसाला मिसळायचा, वरून कढत पाणी ओतायचं. वास डिकॉक्शनबरोबर, म्हणजे गळणाऱ्या कडक कॉफीबरोबर, खाली उतरतो आणि चोथा वरच राहतो. पावचमच्याच्या वर गेलात तर फिल्टर तुंबतो, थेंब पडायचे थांबतात. वसतिगृहात किंवा खोली घेऊन एकट्यानं राहणाऱ्यांना मी हीच तऱ्हा सुचवीन. यात दाटपणा येत नाही, पण फारशा खटपटीविना हाताला येणारा कप वाईटही नसतो.

आता पाकाबद्दल, कारण माझं मन त्यावरच बसलं आहे.

भोपळा फोड करून मिळतो, अख्खा घ्यायची गरज नाही. इथं बेळगावात गणपत गल्लीत भाजीवालीला तांबडा भोपळा म्हणा की कानडीत कुंबळकाई, दोन्ही कळतं. गर गडद केशरी आणि कोरडा असलेली फोड निवडा. फिकट, पाणचट फोड भाजीला चालेल, पाकाला नाही. पाव किलो पुरे. पाण्यात घालून शिजवू नका. कुकरमध्ये चाळणीवर ठेवून वाफवा, मग पुरणाच्या चाळणीतून काढा आणि कढईत मंद आचेवर पाणी आटेपर्यंत परता. हे परतणं बहुतेक जण गाळतात, पण तेवढ्यानंच भोपळ्याचा कच्चा, भाजीसारखा वास जातो. पहिल्या खेपेला मी घाईत ते सोडलं होतं, आणि त्या कॉफीला थेट भाजीचा वास येत होता.

प्रमाण असं: एक वाटी गोड (साखर किंवा गूळ), एक वाटी पाणी, पाव वाटी आटवलेला गर. यात पूड घालत नाही, अख्खा मसाला ठेचून घालते: बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, अर्धा चमचा सुंठीची भरड, तीन लवंगा. दहा-पंधरा मिनिटं मंद उकळून गाळून घ्यायचं, आणि जायफळ गॅस बंद केल्यावर किसून, चिमटीएवढंच. गाळल्यामुळे बुळबुळीचा प्रश्न उरत नाही. गराचा बारीक अंश राहतोच आणि तो तळाशी बसतो, म्हणून वापरताना बाटली हलवून घ्या. दालचिनी रविवार पेठेत साधारणपणे जाड सालीची मिळते, ती कॅसिया. सिलोनी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, वासाला मऊ आणि महाग. लाटेला दूध भरपूर लागतं, त्यातून वर यायला कॅसियाचा तिखटपणाच उपयोगी पडतो. मात्र कॅसियात कुमारिन हा जास्त झाल्यास यकृताला त्रास देणारा घटक बराच असतो, तेव्हा रोज कपांवर कप पिणार असाल तर सिलोनी घ्या.

गोड म्हणजे साखर की गूळ, यावर आमच्या घरात बराच खल झाला. कोल्हापुरी गूळ इथं सहज मिळतो, आणि लवंग-सुंठीबरोबर त्याचा खमंगपणा फार जुळतो. पण सगळा गूळ घातला तर कॉफी मागं पडते आणि कप गुळाच्या चहाच्या वाटेला लागतो. नुसती साखर घातली तर चव स्वच्छ येते पण एकसुरी. मी अर्धं-अर्धं घालते. गुळानं दूध फाटतं ही भीती खरी आहे, पण दूध गुळाबरोबर उकळलं तरच तो धोका. पाक आधी गार करून कपात घ्या आणि वरून गरम, पण न उकळणारं दूध ओता. मी इतक्या वेळा केलं, एकदाही फाटलं नाही. फाटलं ते एकदाच, सुंठीऐवजी ओलं आलं किसून घातलं तेव्हा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यानं दूध फाटतं. सुंठच वापरा.

कॉफी कोणती, हा प्रश्न पाकाइतकाच महत्त्वाचा आहे. लाटे मुळात एस्प्रेसोवर बेततात. सुमारे नऊ बार दाबानं अर्ध्या मिनिटात काढलेली कडक कॉफी. तसं यंत्र घरी नसतंच, आणि या पेयासाठी घेऊही नका. मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात, दाब जेमतेम एक-दोन बार येतो, तरी कॉफी कडक निघते. तो आधीपासून घरात असेल तर वापरा. इन्स्टंट कॉफी मसाल्यापुढं टिकत नाही, नुसता कडवटपणा उरतो. राहिला स्टीलचा फिल्टर. आमचा मुलूख तसा चहाचा. फिल्टर कॉफी आपण उडपी हॉटेलातच प्यायलो. पण चिक्कमगळुरू आणि कोडगूची कॉफी आपल्याच राज्यात पिकते, आणि चिकोरी (एका झुडपाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली ताजी दळलेली पावडर सहज मिळते. या पेयासाठी मला चिकोरी हवीच वाटते. एरवी शुद्ध कॉफीचे चाहते तिला नाकं मुरडतात, पण इथं तिचा काळा, जाडसर उतार दूध-मसाल्याला धरून ठेवतो. ऐंशी भाग कॉफी, वीस भाग चिकोरी घ्या. तीन भरगच्च चमचे पावडर, दीडशे मिलिलिटर कढत पाणी, पंधरा-वीस मिनिटांत दोन कपांपुरतं डिकॉक्शन उतरतं.

दुधाबद्दल थोडंच. टोण्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. पाकात गर असेल तर टोण्ड पुरतं, दाटपणा भोपळा देतो. नुसत्या मसाल्याला मात्र फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध लागतं. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवा, म्हणजे भांड्याला बोट जेमतेम क्षणभर टेकवता येईल इतकं. मग उभ्या भांड्यात रवीनं जोरात घुसळा. फेसाच्या यंत्राची गरज पडत नाही.

एका कपाला दोन मोठे चमचे पाक, साठ मिलिलिटर डिकॉक्शन आणि एकशेऐंशी मिलिलिटर दूध. त्यात पाकातली साखर पंधरा-वीस ग्रॅम जाते. दुकानातल्या मोठ्या कपात दुधातली साखर धरून सुमारे पन्नास ग्रॅम असते. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठी मसाला फिल्टरमध्ये घालायची तऱ्हाच बरी, गोडी अगदी वगळता येते.

पाक कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवला तर आठ-दहा दिवस राहतो. आंबट वास आला किंवा वर बुडबुडे दिसले तर टाकून द्या. अख्खी तयारी तासाभराची आहे आणि ती एकट्यासाठी करावीशी वाटत नाही, हे खरं. आमच्या घरात पाच माणसं आहेत, म्हणून भाचीला मी पाकच करायला सांगितला. रात्री कॉफी न पिणाऱ्या सासूबाई आणि दोन्ही पोरं तोच पाक गरम दुधात घालून पितात, आणि उरलेल्या गराचे दुसऱ्या दिवशी घारगे होतात.