डब्यावर एचपी५, आत एक्स-रेची फिल्म

गेल्या माघात सांगलीत पुतणीचं लग्न झालं. हळदीचे आणि अंतरपाट दूर होतानाचे फोटो माझ्या ४×५ इंची फिल्म कॅमेऱ्यावर काढायचे, हा तिचाच हट्ट. लहानपणापासून ती काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवरचं उलटं जग बघत आली आहे. डिजिटलवाले होतेच, पण तिला हे फोटो हवे होते. जुनं सामान ऑनलाइन घेणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं.

नवी फिल्म परवडेना, म्हणून एका अनोळखी माणसाकडून इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे २५ शीटचे (सुट्या तुकड्यांचे) दोन डबे घेतले. साडेचार हजारांना एक. सील तुटलेलं होतं. "दादा, शीट मोजायला मीच अंधारात उघडलं होतं," म्हणाला. बोलणं माहीतगाराचं. मी नऊ हजार लगेच पाठवले.

आदल्या रात्री बाथरूमच्या दाराला टॉवेल लावून होल्डर, म्हणजे शीट कॅमेऱ्यात घालायच्या चपट्या पेट्या, भरायला बसलो. शीट फिल्मच्या कडेला, कोपऱ्याजवळ खाच असते. शीट उभी धरून खाच वर उजवीकडे आली, की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्याकडे. अंधारात तेवढाच आधार. मला खाच लागेचना. एक कोपरा गोल, बाकीचे तीन टोकदार. तिथेच थांबायला हवं होतं. पण सकाळी हळद, आणि हाताशी दुसरी फिल्म नाही. अंदाजाने बारा शीट भरल्या.

अंगणात थोरल्या आत्या पुतणीला हळद लावत होत्या. "हलू नका" म्हटल्यावर त्या हात तिच्या गालावर ठेवून तशाच थांबल्या. काचेवर फोकस, मग लेन्स बंद, होल्डर आत, फिल्म झाकणारी डार्क स्लाइड बाहेर. तोवर सगळं घर माझ्यासाठी खोळंबलेलं. त्या सगळ्यांचा विचार मनातून जात नाही.

फिल्म धुतली तेव्हा कळलं. कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखालच्या सहाही शीट जवळजवळ कोऱ्या. अंगणातल्या शीटवर पुसट चेहरे, दोन्ही बाजूंना ओरखडे, छापल्यावर कुंकू आणि ओठ डांबरासारखे काळे. ती ८×१० इंची एक्स-रे फिल्म चार तुकडे करून भरलेली होती, म्हणून प्रत्येक शीटला एकच गोल कोपरा. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि तिला लाल रंग दिसत नाही. एचपी५चा उजेड टिपण्याचा वेग ४००. हिचा उन्हात जेमतेम शंभर, पिवळ्या दिव्यात त्याहूनही खाली. एक्स-रे फिल्म वाईट नसते, माहीत असेल तर तिच्यावर सुंदर काम होतं. पण मी उजेडाची सगळी मापं ४००ची धरली होती.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुमच्याकडच्या उन्हाने फिल्म गेली. मग नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे आलेले नाहीत.

उघडलेला डबा घेऊच नका. घेतलाच, तर कार्याच्या आधी एक शीट उजेडात काढून खाच आणि कोपरे बघा. एक शीट वाया जाईल, जाऊ दे. दुसरी एखाद्या लाल वस्तूवर वापरून धुऊन बघा.

आता सीलबंद डबा आणला आहे. पुतणी माहेरपणाला आली की आत्या पुन्हा अंगणात बसणार आहेत. हळद दळून ठेवा म्हणून मीच सांगितलंय.